तापमान, पीएच, मीठ, यूव्ही: 'फिजिकल फॅक्टर्स'चं प्रॅक्टिकल नीट कसं करायचं

तापमान, पीएच, मीठ, यूव्ही यांचा जंतूंच्या वाढीवर काय परिणाम होतो, या मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलची जर्नलं दरवर्षी तपासताना एक वाक्य हमखास सापडतं: "४ डिग्रीला ग्रोथ नाही, म्हणजे जंतू मेले." अहो मेले नाहीत, थांबलेत! तीच ट्यूब उचलून दोन दिवस ३७ ला ठेवा, दुधासारखी गढूळ होते. वाढ थांबणं वेगळं आणि मरणं वेगळं, आणि हे अख्खं प्रॅक्टिकल या एका फरकावर उभं आहे. तरी बीएस्सीची निम्मी पोरं तो फरक तपासणारी पायरीच गाळतात आणि मग एक्स्टर्नलसमोर व्हायव्हाला अडकतात. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलंय. कॉलेजच्या लॅबमध्ये, सरमॅडमच्या देखरेखीखाली करायचं आहे हे गृहीत धरलंय, घरच्या किचनमध्ये ई. कोलाय वाढवत बसू नका.

## टप्पा १: आधी कागद-पेन घ्या, लूप (जंतू उचलायची तारेची कडी) नंतर

एका सेटमध्ये एकच गोष्ट बदलायची. तापमान बदलताय तर पीएच, मीठ, मीडिया (जंतूंचं खाणं), इनॉक्युलम (सुरुवातीला टाकायचे जंतू) आणि ट्यूबमधलं ब्रॉथ (पातळ मीडिया) किती मिली हे सगळं जसंच्या तसं राहायला हवं. ऐकायला सोपं वाटतं पण एकाने ५ मिलीच्या ट्यूबा भरल्या, दुसऱ्याने उरलेल्या १० मिलीच्या घेतल्या आणि मग दोघांचे निकाल एकाच टेबलात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं म्हणजे दिवसांचा हिशेब. फ्रिजमधल्या ट्यूबांना ७ ते १० दिवस लागतात, बाकी सगळं दोन दिवसांत उरकतं. त्यामुळे तापमानाचा सेट पहिल्या दिवशीच लावून मोकळे व्हा, पीएच आणि मीठ दुसऱ्या दिवशी, उष्णता आणि यूव्ही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पोरं बरोब्बर उलटं करतात, यूव्ही भारी वाटतं म्हणून आधी यूव्ही, आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ट्यूब ठेवतात.

जंतू कोणते घ्यायचे? ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस हवेतच. मिठासाठी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस घ्या (ऑरियस नको, तो आजार करणारा आहे आणि मुद्दा एपिडर्मिडिसनेही तितकाच कळतो). थंडीसाठी स्युडोमोनास फ्लुरोसेन्स, आणि आम्ल पीएचसाठी यीस्ट. कल्चर (वाढवलेले जंतू) विकत घ्यायचं तर पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा जंतूंचा संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा तसाच संग्रह आहे, डिपार्टमेंटच्या पत्रावर मागवता येतं. सिनियरकडून मिळालेल्या तीन वर्षं जुन्या स्लँटवर (ट्यूबमध्ये तिरक्या गोठवलेल्या मीडियावरचं कल्चर) विसंबू नका, त्यात बऱ्याचदा दोन-तीन पाहुणे असतात.

चेक: प्रत्येक कल्चर आधी एका प्लेटवर स्ट्रीक करून (लूपने रेघा ओढून) बघा. कॉलन्या (जंतूंचे ठिपके) एकसारख्या आणि ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघताना) एकच आकार दिसला तरच पुढे.

## टप्पा २: इनॉक्युलम मोजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि तो निकालात दिसतो तेव्हा लोक तापमानाला दोष देतात.

१८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घ्या. निर्जंतुक सलाईनमध्ये मिसळून ०.५ मॅकफार्लंडच्या (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाच्या) ट्यूबशी गढूळपणा जुळवा. मॅकफार्लंड लॅबमध्ये नसेल तर बनवायला सोपं आहे: १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली आणि त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराईड ०.०५ मिली. आम्ल हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, ट्यूब घट्ट बंद करा, अंधारात ठेवा आणि वापरण्याआधी हलवा, कारण पांढरा साका तळाला बसतो. या गढूळपणाला मिलीला साधारण १५ कोटी पेशी असतात.

आता हे १:१०० पातळ करा आणि त्यातलं ०.१ मिली प्रत्येक ५ मिलीच्या ट्यूबमध्ये टाका. म्हणजे सुरुवातीला मिलीला ३० हजारच्या आसपास पेशी, आणि ब्रॉथ डोळ्यांना एकदम स्वच्छ. एवढा खटाटोप कशाला, तर जंतू मिलीला कोटीच्या घरात गेल्याशिवाय गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उद्या जे गढूळ दिसेल ते खरोखर वाढलेलं असेल. लूपभर घट्ट कल्चर टाकलं तर ट्यूब पहिल्या मिनिटालाच धुरकट दिसते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही १० टक्के मिठातसुद्धा ई. कोलाय वाढला म्हणून लिहून मोकळे होता.

सावधान: प्रत्येक सेटमध्ये एक ट्यूब इनॉक्युलम न टाकता ठेवायची. पीएच १० च्या ब्रॉथमध्ये आपोआप साका धरतो, जास्त मिठाच्या ब्रॉथचा रंग बदलतो. ही कोरी ट्यूब शेजारी नसली तर साक्याला ग्रोथ समजाल.

## टप्पा ३: मीडिया आणि ऑटोक्लेव्ह

बाजारातली तयार न्यूट्रिएंट ब्रॉथ पावडर घेतली तर डब्यावरचा फॉर्म्युला वाचा. बऱ्याच तयार पावडरींत लिटरला ५ ग्रॅम मीठ आधीच असतं, म्हणजे ०.५ टक्का. तुम्ही "० टक्के मीठ" लिहिता ती ट्यूब मुळात ०.५ ची असते, आणि १०० मिलीला ५ ग्रॅम वरून टाकून "५ टक्के" म्हणता ती ५.५ ची. मिठाच्या सेटसाठी पेप्टोन आणि बीफ एक्स्ट्रॅक्ट वेगवेगळे तोलून मीठ नसलेला ब्रॉथ बनवा: लिटरला पेप्टोन ५ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम. बस.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ डिग्री, १५ पौंड, १५ मिनिटं, हे पाठ असतं सगळ्यांना. वेळ कधीपासून मोजायचा हे मात्र पाठ नसतं. आतली हवा पूर्ण निघून वाफ जोरात येऊ द्या, मग व्हॉल्व्ह बंद करा, काटा १५ वर पोचला की घड्याळ लावा. हवा आत अडकली तर काटा १५ दाखवतो पण तापमान १२१ ला पोचलेलंच नसतं. कुकरमध्ये करत असाल तर तसंच, वाफ सलग निघायला लागल्यावर शिट्टी बसवा. स्क्रू कॅप अर्धी वळसा सैल ठेवा, नाहीतर ट्यूब फुटते.

## टप्पा ४: तापमानाचा सेट (हा पहिल्याच दिवशी)

पाच तापमानं घ्या: ४, रूम टेंपरेचर, ३७, ४५, ५५. प्रत्येकाला दोन-दोन ट्यूबा.

"रूम टेंपरेचर" हा आकडा नाही, हे आधी डोक्यात घ्या. नागपुरात मे महिन्यात लॅबमध्ये ४० असतं आणि नाशिकला जानेवारीत सकाळी १५. थर्मामीटर लावा, सकाळ-दुपार-संध्याकाळचे आकडे लिहा आणि जर्नलमध्ये तेच टाका.

इनक्युबेटरच्या डिस्प्लेवर पण डोळे झाकून विश्वास नको. एका छोट्या बीकरमध्ये पाणी भरून त्यात थर्मामीटर बुडवून आत ठेवा, तासाभराने वाचा, वरच्या आणि खालच्या शेल्फवर दोन-तीन डिग्रींचा फरक सहज निघतो. सगळ्यांच्या ट्यूबा एकाच शेल्फवर. आणि लोडशेडिंगच्या भागात असाल तर लाईट किती वेळ गेली ते लिहून ठेवा, चार तास बंद राहिलेला ५५ चा इनक्युबेटर मधल्या वेळात ३७ वरून खाली गेलेला असतो, म्हणजे तुमच्या जंतूंना फुकटची सुट्टी मिळालेली असते.

क्रम असा:

१. ट्यूबा इनॉक्युलम टाकण्याआधीच ज्या त्या तापमानाला तासभर ठेवा. नाहीतर फ्रिजची ट्यूब बेंचवर दोन तास गप्पा ऐकत बसते आणि तिथेच वाढायला लागते.

२. इनॉक्युलम टाका, लगेच परत जागेवर.

३. ५५ साठी वॉटर बाथ वापरत असाल तर झाकण लावा आणि पाणी आटतंय का बघत राहा. कापसाचे बोळे वाफेने भिजतात, तिथे स्क्रू कॅपच हवी. प्लेट तर ५५ ला नकोच, रात्रभरात आगर (मीडिया गोठवणारी जेली) पापडासारखं सुकतं.

४. ४८ तासांनी पहिलं वाचन, फ्रिजचं वाचन ३, ७ आणि १० व्या दिवशी.

काय दिसायला हवं? फ्लुरोसेन्स ४ ला हळूहळू पण वाढतो, म्हणून तर फ्रिजमधलं दूधही शेवटी नासतं. ई. कोलाय ४ ला ढिम्म, ३७ ला फुल जोरात, ४५ ला अजून तग धरून, ५५ ला बंद. पाणी तपासणीत विष्ठेतले कोलिफॉर्म ४४.५ डिग्रीला वाढवतात ते याच जोरावर, बाकीची गर्दी त्या तापमानाला मागे पडते. ५५ ला नीट वाढणारं काही दाखवायचं असेल तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस मागवा, ३७ ला तो रुसून बसतो. ऑटोक्लेव्ह नीट चालतो का हे तपासायला याचेच स्पोर (उष्णतेत टिकणाऱ्या कवचबंद पेशी) वापरतात.

एक हौशी प्रयोग जमला तर करा: सेराशिया मार्सेसेन्सच्या दोन प्लेट, एक २५-२८ ला, एक ३७ ला. पहिली लालभडक, दुसरी पांढरट. दोन्हीकडे ग्रोथ आहे, फक्त रंग बनवणं तापमानावर अडलंय. (हाही कमजोर माणसाला त्रास देऊ शकतो, त्यामुळे ग्लोव्ह्ज.)

चेक, आणि हाच गाळला जातो: ज्या ट्यूबांत काही दिसलं नाही त्या सगळ्या आता ३० किंवा ३७ ला, त्या जंतूला जे मानवतं तिथे, ४८ तास ठेवा. गढूळ झाली तर "वाढ थांबली होती". नाही झाली तर "बहुधा मेले". टेबलात यासाठी वेगळा कॉलम आखा.

## टप्पा ५: पीएच

पीएच ३, ५, ७, ९ आणि १० असे पाच फ्लास्क. मीटर आधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरने कॅलिब्रेट करा. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साईड थेंबाथेंबाने, ढवळत. घाईत पुढे गेलात तर परत मागे येताना त्यात मीठ तयार होत जातं आणि मग तुम्ही नकळत दोन गोष्टी बदललेल्या असतात.

ऑटोक्लेव्हनंतर पीएच हलतो. म्हणून प्रत्येक फ्लास्कमधून थोडं ब्रॉथ वेगळं काढून, थंड करून परत मोजा आणि जो आकडा येईल तोच लिहा, मग तो ८.६ का असेना. "पीएच ९" असं ठोकून देऊ नका. पीएच १० साठी चांगला मार्ग म्हणजे सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून, दोन्ही थंड झाल्यावर मिसळणं.

आणि कृपा करून पीएच ३ ला आगर घालून ऑटोक्लेव्ह करू नका! आम्लात आगर तापलं की तुटतं, प्लेट गोठत नाही, नुसती पेज होते. हा सेट ब्रॉथमध्येच.

यीस्टसाठी वेगळा ग्लुकोज असलेला ब्रॉथ लागतो, मग त्याची तुलना ई. कोलायशी थेट करायची नाही, यीस्टची ट्यूब यीस्टच्याच पीएच ७ वाल्या ट्यूबशी ताडायची. यीस्ट ५ ला सगळ्यात खुश असतं, ३ लाही बऱ्यापैकी चालतं, तिथे ई. कोलाय मान टाकतो.

शेवटी वाचन झाल्यावर परत एकदा पीएच मोजा. पेप्टोन खाऊन अमोनिया सोडला की पीएच वर चढतो, ग्लुकोज खाल्लं की खाली येतो, म्हणजे ज्या पीएचला वाढ सुरू झाली त्याच पीएचला ती संपली असं नाही. बफर नसलेल्या ब्रॉथचा हा तोटा, तो लपवू नका, लिहा.

पीएच १० ला कोणीच वाढत नाही असं कोणी म्हटलं तर त्याला लोणारला पाठवा. बुलढाण्याच्या त्या सरोवराचं पाणी तेवढंच अल्कधर्मी आहे आणि त्यात जंतूंची अख्खी वस्ती आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून मीठप्रेमी आर्किया (जंतूंसारखेच पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) त्याचं कारण असल्याचं सांगितलं होतं.

## टप्पा ६: मीठ

०, ०.५, ५, ७.५, १० आणि २० टक्के. १० टक्के म्हणजे १० ग्रॅम मीठ आणि ब्रॉथ मिळून १०० मिली, १०० मिली ब्रॉथमध्ये १० ग्रॅम नव्हे. ५ टक्क्यांना फरक कळत नाही, २० ला चांगलाच कळतो. आयोडीनवालं स्वयंपाकाचं मीठ वापरू नका, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही घातलेलं असतं, ब्रॉथ आधीच धुरकट होतो.

ई. कोलाय ५ ला रेंगाळतो, १० ला गप्प. एपिडर्मिडिस ७.५ ला आरामात, म्हणून तर मॅनिटॉल सॉल्ट आगरमध्ये (स्टॅफिलोकॉकस वेगळे काढायचा मीडिया) ७.५ टक्के मीठ असतं. २० ला तुमच्याकडचं कोणीच वाढणार नाही. वाढणारं हवं असेल तर मिठागर गाठा, उरणचं असो की गोव्यातलं, मिठाच्या वाफ्यातलं गुलाबी पाणी बाटलीत आणा (मिठागरवाल्यांना विचारून) आणि २० ते २५ टक्के मिठाच्या प्लेटवर लावा. प्लेट पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून ३७ ला दोन-तीन आठवडे ठेवा, लाल-गुलाबी ठिपके येतात. हेच जंतू साध्या न्यूट्रिएंट आगरवर टाकले तर फुटून मरतात, त्यांना मीठ नसणं हाच त्रास.

कोणी विचारेलच की साखरेनेही तेच होतं का. होतं, पण साखर खूप जास्त लागते. मिठाचा रेणू ५८.५ वजनाचा आणि पाण्यात त्याचे दोन आयन होतात, साखरेचा ३४२ चा आणि एकच राहतो. लोणच्यात मीठ मुठीने आणि मोरांब्यात साखर किलोने, ते यामुळेच.

## टप्पा ७: उष्णतेने मारणं

इथे प्रश्न "वाढतो का" नसून "मरतो का" आहे, म्हणून पद्धत वेगळी. ई. कोलायचं २४ तासांचं आणि बॅसिलसचं आठवडाभर जुनं कल्चर घ्या (त्यात स्पोर तयार झालेले असतात). ५०, ६०, ७०, ८० आणि उकळतं पाणी, प्रत्येकी १० मिनिटं.

- एका जादा ट्यूबमध्ये नुसतं ब्रॉथ आणि थर्मामीटर. त्या थर्मामीटरने ६० दाखवलं की घड्याळ सुरू. बाथ ६० ला आहे म्हणजे ट्यूबच्या आत ६० आहे असं नाही.
- बाथचं पाणी ट्यूबमधल्या ब्रॉथच्या पातळीपेक्षा वर हवं. कल्चर पिपेटने थेट ब्रॉथमध्ये सोडा, काचेच्या भिंतीवर नको. वर उडालेला एक थेंब गरम होतच नाही, नंतर तोच खाली ओघळतो आणि तुम्ही लिहिता "ई. कोलाय ८० डिग्रीला जगला".
- वेळ झाली की ट्यूब लगेच बर्फाच्या पाण्यात.
- प्लेटचे सहा भाग करून प्रत्येकात एक लूप, त्यात एक भाग न तापवलेल्या कल्चरचा. लूप लाल करून थंड होऊ द्या, चर्र आवाज आला तर तुमच्या लूपनेच जंतू मारले.

बॅसिलस उकळत्या पाण्यातूनही उठून येतो. ऑटोक्लेव्हचं १२१ कशासाठी हे इथे कळतं.

## टप्पा ८: यूव्ही

सावधान: २५४ नॅनोमीटरचा दिवा डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, आणि त्रास लगेच नाही, काही तासांनी सुरू होतो. गॉगल, पूर्ण बाह्या, आणि हात आत घालायच्या आधी दिवा बंद.

दिवा पाच-दहा मिनिटं आधी पेटवून तापू द्या. प्लेटवर पातळ केलेलं कल्चर पसरा, दाट थर दिला तर वरचे जंतू खालच्यांना सावली देतात. प्लेटचं झाकण काढायचं! काच आणि प्लॅस्टिक दोन्ही हा प्रकाश अडवतात, आणि झाकणासकट पाच मिनिटं ठेवून "यूव्हीचा परिणाम नाही" लिहिणारी बॅच दरवर्षी एक तरी असते. अर्धी प्लेट निर्जंतुक पुठ्ठ्याने झाका, अंतर ३० सेंमी, वेळ ०, १५ सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ३ मिनिटं.

मग लगेच काळ्या कागदात गुंडाळून इनक्युबेटरमध्ये. उजेडात राहिलं तर ई. कोलाय निळसर प्रकाश वापरून मोडलेला डीएनए दुरुस्त करतो. हेच दाखवायचं असेल तर एक प्लेट मुद्दाम ट्यूबलाईटखाली तासभर ठेवा आणि दोन्हींच्या कॉलन्या मोजा.

## टप्पा ९: वाचन आणि आवराआवर

ट्यूब हलवून मगच बघा, तळाला बसलेली ग्रोथ वरून दिसत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर (गढूळपणा आकड्यात मोजणारं यंत्र) असेल तर ६०० नॅनोमीटरला, आणि शून्य करायला त्याच पीएचचा, त्याच मिठाचा कोरा ब्रॉथ. सगळ्यांना एकच साधा ब्रॉथ लावून शून्य केलं की २० टक्के मिठाच्या ट्यूबची "ग्रोथ" निघते. ऑप्टिकल डेन्सिटी (त्या यंत्राचा आकडा) ०.५ च्या वर गेली तर पातळ करून परत वाचा, वरचे आकडे दाबले जातात. नुसते प्लस-प्लस काढत असाल तर एकाच माणसाने एकाच बैठकीत सगळ्या ट्यूबा बघा.

नावं प्लेटच्या बुडावर लिहायची, झाकणावर नाही, झाकणं अदलाबदल होतात.

संपल्यावर सगळं डिस्कार्डच्या बादलीत, १२१ ला ३० मिनिटं, मगच बेसिन. पिपेट १ टक्का हायपोक्लोराईटमध्ये. आणि फ्रिजमधल्या त्या ४ डिग्रीच्या ट्यूबा, ज्यांना सगळे विसरतात आणि पुढच्या बॅचला दूध ठेवायच्या जागेमागे सापडतात, त्या आठवणीने काढा. लॅबच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायचंच नाही, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगावं लागतं.